हॅरी बक आणि आमचे ड्रिलमास्तर

शाळेतील इतर गुरुजींची नावे काळाच्या ओघात विस्मृतीत जातात, परंतु ड्रिलमास्तरांचे नाव सहसा कोणी विसरत नाही. गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचणारा आवाज, एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ सकाळी कवायत घेतो, दुपारी लांब उडीचा खड्डा खणवून घेतो, सायंकाळी खो-खोचा संघ निवडतो; आणि तालुक्याच्या सामन्यांस जावयाचे झाले म्हणजे एस्. टी.च्या भाड्यापासून मुलांच्या डब्यांपर्यंत सर्व व्यवस्था त्याच्याच शिरावर येऊन पडते. शिवाय एखादे गुरुजी रजेवर असले की त्यांचा तासही यानेच सांभाळावयाचा! गणिताच्या शिक्षकाने संस्कृतही शिकवावे, असे कोणी म्हणत नाही. ड्रिलमास्तरास मात्र कबड्डी आली पाहिजे, गोळाफेक आली पाहिजे, व्हॉलीबॉलचे नियम मुखोद्गत असले पाहिजेत, आणि एखाद्या मुलाचा हात निखळला तर तोही बसविता आला पाहिजे.

एकाच माणसाने सर्व खेळ शिकवावयाचे, ही कल्पना आमच्याकडची जुनी नव्हे. तालमीतला वस्ताद कुस्ती शिकवी, त्यापलीकडे तो पाहत नसे. मल्लखांबाचा गुरू निराळा, दांडपट्ट्याचा निराळा. विद्या एक आणि गुरूही एक, असा आमचा रिवाज. मग शाळेच्या नोकरवर्गात गणला जाणारा, ठरावीक पगार घेणारा आणि सर्व खेळांस पुरून उरणारा हा शिक्षक आला कोठून? त्याचा माग काढीत गेले असता आपण थेट अमेरिकेतील कॉलेजांपर्यंत जाऊन पोहोचतो. आणि तेथून हिंदुस्थानात ही परंपरा आणणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी आहे, ते म्हणजे मद्रासचे हॅरी क्रो बक. त्यांची हकीकत सांगण्याचे आज आम्ही योजिले आहे. परंतु बक समजावयाचे तर त्यांच्या आधीच्या एका विलक्षण माणसाची ओळख करून घेणे अवश्य आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कॉलेजांतील खेळ सर्वस्वी विद्यार्थ्यांच्या हाती असत. विद्यार्थीच वर्गणी गोळा करीत, कप्तान निवडीत, आणि एखाद्या जुन्या खेळाडूस चार आठवडे बोलावून त्याच्याकडून डावपेच शिकून घेत. अध्यापकवर्ग या सर्व प्रकाराकडे कपाळास आठ्या घालून पाही. ही स्थिती पालटली ती १८९२ साली. त्या वर्षी शिकागो येथे नवे विश्वविद्यालय सुरू झाले, आणि त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी अमॉस अलोन्झो स्टॅग नावाच्या तीस वर्षांच्या तरुणास बोलावून घेऊन त्यास शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख नेमले. नुसते नेमले एवढेच नव्हे, तर इतर विषयांच्या अध्यापकांच्या मालिकेत त्यास प्राध्यापकाचा दर्जा दिला. खेळ शिकविणारा मनुष्य अध्यापकांच्या पंक्तीस बसला! शारीरिक शिक्षणाच्या इतिहासात आम्हांस ही घटना कोणत्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते.

हा स्टॅग १८६२ साली न्यू जर्सी प्रांतात एका गरीब कुटुंबात जन्मला. धर्मोपदेशक व्हावे म्हणून तो येल येथे शिकावयास गेला. तेथे हार्पर हे त्याचे हिब्रू भाषेचे गुरू. बेसबॉलमध्ये चेंडू टाकण्यात त्याचा हातखंडा असल्यामुळे पैसा देऊन खेळविणाऱ्या संघांची बोलावणी आली. ती त्याने नाकारली. परंतु प्रवचनासाठी व्यासपीठावर उभे राहिले की त्याची जीभ जड होई. तेव्हा तरुणांस जे सांगावयाचे ते मैदानावरच सांगावे, असा निश्चय करून त्याने उपदेशकाचा झगा कायमचा दूर ठेवला. शिकागो येथे त्याने फुटबॉल शिकविला (हा अमेरिकन फुटबॉल पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळला जातो, आणि त्यात कुस्तीचाही अंश पुष्कळ असतो); बेसबॉल वीसएक वर्षे शिकविला; धावण्या-उडण्याच्या शर्यतींची तयारी तीस वर्षांहून अधिक काळ करून घेतली; एक वर्ष बास्केटबॉलही पाहिला. पहिल्या वर्षी फुटबॉल संघास माणसे कमी पडली तेव्हा प्राध्यापकमहाशय स्वतःच मैदानात उतरून विद्यार्थ्यांच्या खांद्यास खांदा लावून खेळले. अशी ४१ वर्षे गेली.

सत्तरी गाठली तेव्हा नियमानुसार त्यांस निवृत्त करण्यात आले. सल्लागाराची सुखाची जागा देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही. आमच्याकडे या वयाचे गृहस्थ काशीयात्रेची भाषा बोलू लागतात. स्टॅग कॅलिफोर्नियातील एका लहान कॉलेजात नव्याने नोकरीस लागले, १४ वर्षे तेथे राहिले, आणि १९४३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्या सालचे सर्वोत्कृष्ट फुटबॉल शिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला. त्यानंतरही काही वर्षे आपल्या मुलाच्या हाताखाली ते काम करीत होते. १९६५ साली १०२ वर्षांचे होऊन ते निवर्तले.

या दीर्घ कारकीर्दीत एक काटाही होता, तो सांगितला पाहिजे. ज्या देशात कॉलेजचा खेळ पाहण्यास हजारोंनी लोक तिकिटे काढून येतात, त्या देशात शिक्षकाची किंमत विजयांवरून ठरू लागते. स्टॅग यांचे फुटबॉलमधील विजय ३१४ असे मोजले गेले आणि छापले गेले. त्यांच्या हाताखालून किती मुले निरोगी होऊन बाहेर पडली, हे कोणी मोजले नाही. खेळाचा हा बाजार वाढत गेला, तेव्हा खुद्द शिकागो विश्वविद्यालयाने १९३९ साली आपला फुटबॉल संघच मोडून टाकला. स्टॅग यांचे नाव दिलेले मैदान ओस पडले. आणि त्याच्याच प्रेक्षागाराखालील एका खोलीत २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली नियंत्रित साखळी-प्रक्रिया घडवून आणली. जगास ते मैदान आज ठाऊक आहे ते या कारणाने.

शिकागोस जाण्यापूर्वी स्टॅग दोन वर्षे मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे होते. तेथे वाय्. एम्. सी. ए. या ख्रिस्ती तरुण संघाचे एक प्रशिक्षण विद्यालय होते, आणि आमच्या हकीकतीचा खरा उगम याच ठिकाणी आहे. हिवाळ्यात बर्फ पडले की बाहेरचे खेळ बंद. चार भिंतींच्या आत खेळता येईल असा एखादा खेळ काढा, असे तेथील ल्यूथर ग्यूलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकास सांगितले. नेस्मिथने सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्मास आला. पुढील मार्च महिन्यात शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना झाला; विद्यार्थ्यांनी शिक्षकांस पाचास एक असे हरविले, आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांनी मिळविला होता. चारच वर्षांनी जवळच्या होल्योक गावी याच संघाच्या विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला. आज खेड्यातील शाळेपुढे दोन बांबू रोवून जे जाळे बांधलेले दिसते, त्याचे मूळ हे असे आहे.

स्प्रिंगफील्ड आणि शिकागो यांतील भेद वाचकांच्या लक्षात यावा. शिकागोस संघ तयार होत. स्प्रिंगफील्डला शिक्षक तयार होत. शरीर, मन आणि आत्मा यांचा त्रिकोण हे ग्यूलिक यांनी दिलेले चिन्ह. तेथून बाहेर पडलेल्या माणसाने जगाच्या पाठीवर कोठेही जावे आणि तेथील मुलांस जो खेळ झेपेल तो शिकवावा, अशी अपेक्षा असे. एकाच खेळात निष्णात असलेल्या माणसाचा अशा कामी काय उपयोग? म्हणून त्यास थोडे थोडे सर्वच यावे लागे.

हॅरी बक याच विद्यालयातले. १८८४ साली पेन्सिल्व्हेनिया प्रांतात त्यांचा जन्म झाला. १९१९ साली ते हिंदुस्थानात आले आणि १९२० साली मद्रास येथे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे विद्यालय उघडले. प्रारंभीचे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. तो काळ लक्षात घेतला म्हणजे याचे नवल वाटत नाही. बी. ए. होऊन कचेरीत चिकटावे की वकिली करावी, या पलीकडे ज्या समाजाची दृष्टी जात नव्हती, त्यातील मुलाने ‘मी खेळ शिकविण्याचे शिक्षण घेणार’ असे घरी सांगितले असते, तर आजोबांनी वैद्य बोलावला असता. शाळांतून ड्रिल शिकविण्यास पलटणीतून पेन्शन घेतलेला हवालदार ठेवीत. त्याचे अक्षरज्ञान बेताचे, पगार शिपायाच्या जवळपास, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यास खुर्ची नाही.

बक यांनी हात घातला तो नेमका या खुर्चीच्या प्रश्नास. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक हा इतर शिक्षकांसारखाच शिकलेला असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या विद्यालयात मैदानावर घाम गाळावा लागे, आणि वर्गात बसून शरीररचना, आरोग्य, प्रथमोपचार, मैदानाची आखणी आणि पंचाचे काम यांचाही अभ्यास करावा लागे. पुढे अड्यार नदीच्या काठी विस्तीर्ण जागेत विद्यालय स्थिर झाले आणि हिंदुस्थानभरच्या प्रांतांतून व संस्थानांतून विद्यार्थी तेथे येऊ लागले. तेथून शिकून गेलेला मनुष्य आपल्या गावी दुसरे दहा शिक्षक तयार करी. बक यांनी विजयांची यादी मागे ठेवली नाही. त्यांनी शिक्षकांचे शिक्षक तयार केले.

त्यांची आणखी एक कामगिरी वरवर क्षुल्लक दिसते, परंतु आमच्या मते तिचे मोल फार आहे. निरनिराळ्या खेळांचे नियम एकत्र करून त्यांनी ‘रूल्स ऑफ गेम्स अँड स्पोर्ट्स’ हे पुस्तक छापविले. दोन गावांच्या संघांचे सामने भांडणात का संपतात, हे ज्याने पाहिले आहे त्यास या पुस्तकाचे महत्त्व सांगावयास नको. रेषेवर पाय पडला तर बाद की नाही, याचा निकाल प्रत्येक गावी निराळा असला तर गावाबाहेरच्या संघाशी सामना होणार कसा? छापील नियम हाती असलेला शिक्षक ही नवीच वस्तू होती. आडगावच्या शाळेतही त्याच्या शिट्टीस अधिकार प्राप्त झाला तो यामुळे.

१९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांस जो भारतीय संघ गेला त्याची देखरेख बक यांच्याकडे होती. त्या संघात लांब उडी मारणारे दलीपसिंग आणि अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारे लक्ष्मणन् हे होते. पदके मिळाली नाहीत. मात्र संघ निवडण्यासाठी प्रांतोप्रांती सामने भरवावे लागतात, त्यासाठी कायमची संस्था असावी लागते, हे सर्वांच्या ध्यानात आले. आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली. तिचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा, आणि चिटणीस वाय्. एम्. सी. ए.चेच डॉ. नोरेन. बक मद्रासच्या आपल्या विद्यालयातच काम करीत राहिले व १९४३ साली त्यांचे देहावसान झाले. तेवीस वर्षांची ही कारकीर्द स्टॅग यांच्या मानाने लहान, आणि वर्तमानपत्री कीर्तीच्या दृष्टीने तर नगण्यच.

मद्रासेस हे चालले असता महाराष्ट्रीय मंडळी झोपी गेली होती, असे मात्र कोणी समजू नये. बडोद्यास राजरत्न प्रो. माणिकराव यांनी जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा चालवून एकाच छपराखाली कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम असे नाना प्रकार शिकविले. शेकडो मुलांनी एका ठेक्यावर करावयाच्या संघव्यायामाच्या आज्ञा त्यांनी इंग्रजीतून काढून हिंदीत आणल्या. जुम्मादादा मुसलमान, त्यांचे शिष्य माणिकराव हिंदू, याचेही त्या काळी कोणास विशेष वाटले नाही. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. या मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन येथे आपले देशी खेळ परदेशी लोकांपुढे करून दाखविले. पुण्यास डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. याच जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यातील मुले पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या संघात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन शर्यतीत ते एकोणिसावे आले. शास्त्रशुद्ध शिक्षणाचा ज्यांस गंध नाही अशा मुलांत एवढे बळ असेल, तर योग्य गुरू मिळाल्यावर काय होईल, हा प्रश्न त्याच वेळी उत्पन्न झाला, आणि शंभर वर्षांनंतरही तो पुरता सुटलेला नाही.

देशी आखाडा आणि परदेशी मैदान यांची गाठ आमच्याकडे पडली ती १९३७–३८ साली. माणिकरावांपाशी १९०७ ते १९१० या काळात शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, हे वाचकांस माहीत असेलच. मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९३७ साली समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी विद्यालय निघाले आणि पी. एम्. जोसेफ त्याचे प्रमुख झाले. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई विद्यालय १९५७ साली निघाले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्यही तेच. सूर्यनमस्कार आणि व्हॉलीबॉल, लेझीम आणि लांब उडी, ही सर्व एकाच शिक्षकाच्या शिदोरीत बांधून देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात येथून रूढ झाली.

इलाख्यात, असे आम्ही म्हटले ते जाणूनबुजून. कारण त्या काळी इलाख्याची हद्द अहमदनगरच्या पलीकडे संपे. आष्टी, पाटोदा, केज, आंबेजोगाई हा सारा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मराठी मुलांस उर्दूतून शिकावे लागे. आंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्था, जेथे स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून राहिले, लोकांच्या वर्गणीवर कशाबशा तग धरून होत्या. त्यांस मैदाने आणि ड्रिलमास्तर कोठून परवडणार? १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. कांदिवलीत जे पेरले गेले त्याची फळे या मुलुखास एक पिढी उशिरा मिळू लागली.

उशीर हा एकच अडसर नव्हे. पावसाची ओढ या जिल्ह्याच्या पाचवीस पुजलेली. दसरा-दिवाळी आटोपली की हजारो कुटुंबे कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात आणि उन्हाळा तोंडावर आला म्हणजे परततात. शाळांचे सामने बहुधा याच हिवाळ्याच्या सुमारास होतात. भाद्रपदात निवडलेल्या संघातील दोन मुले मार्गशीर्षात उसाच्या फडावर असली, तर ड्रिलमास्तरांनी सराव घ्यावा तो कोणाचा? स्टॅग यांच्यापुढे हा प्रश्न कधी आला नसेल. ज्या पुस्तकात सर्व खेळांचे नियम आहेत त्यातही याचे उत्तर नाही.

असे असूनही गेल्या काही वर्षांत या जिल्ह्याने जी माणसे दिली ती पाहिली म्हणजे मन थक्क होते. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यास येऊन तालमीत राहिला. हरिश्चंद्र बिराजदार यांनी आणि त्यांच्या पश्चात काका पवार यांनी त्यास घडविले. २०१८ साली राष्ट्रकुल सामन्यांत ५७ किलो वजनगटात त्याने सुवर्णपदक मिळविले आणि पुढल्या वर्षी जागतिक कुस्तीत ब्राँझपदक. हा मार्ग जुन्या वस्तादी परंपरेचा. विद्या एक, गुरू एक.

आष्टी तालुक्यातील मांडवे गावच्या अविनाश साबळे याचा मार्ग मात्र अगदीच निराळा. १९९४ चा जन्म, शेतकऱ्याचे घर, शाळेसाठी रोजची सहा-एक किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला, सिक्कीमच्या डोंगरांत राहिला. २०१५ साली सैन्यातील रानवाटांच्या शर्यतीत तो पळाला, तेव्हा त्यास एकविसावे वर्ष लागत होते. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याची चाल पाहिली आणि २०१७ साली त्यास ‘स्टीपलचेस’ या शर्यतीकडे वळविले.

ही शर्यत आहे तरी कशी, ते सांगावयास हवे. अंतर तीन हजार मीटर. वाटेत कमरेच्या उंचीचे लाकडी अडसर २८ वेळा ओलांडावयाचे, आणि सात वेळा अडसरापलीकडे पाण्याचा खड्डा. हा अडसर धक्का लागला तरी पडत नाही. पडतो तो धावणारा. ओल्या बुटांनी, दम लागलेला असता, कोणत्या पायाने उडी घ्यावयाची याचा हिशेब प्रत्येक वेळी करावयाचा. नुसत्या दमाने हे साधत नाही. हे शिकावेच लागते, आणि शिकविणाराही असावा लागतो. वर्षभरातच, २०१८ साली भुवनेश्वरला, साबळेने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत ही शर्यत पुरी करून गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. काही काळ निकोलाय स्नेसारेव या परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली काढून तो पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे आला. २०१९ साली दोहा येथे जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इतरांच्या पायांत अडकून तो रखडला, दाद मागितल्यावर अंतिम फेरीत त्यास घेण्यात आले, आणि तेथे त्याने आपलाच विक्रम पुन्हा मोडला.

त्यानंतर तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकापाशी सरावास गेला. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेत प्राणवायू विरळ असल्यामुळे शरीर रक्तातील तांबड्या पेशी वाढविते, आणि खाली उतरून धावले असता त्याचा लाभ होतो. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत साबळे दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियाच्या किबिवोतमध्ये आणि त्याच्यात अंतर होते सेकंदाच्या विसाव्या भागाचे. १९९८ पासून या शर्यतीतील तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत आली होती. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई सामन्यांत सुवर्ण. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंद, आणि पुढच्याच महिन्यात त्याच नगरीत ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत अकरावा क्रमांक. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. बक आपला संघ घेऊन ज्या पॅरिसला गेले होते, त्याच पॅरिसला शंभर वर्षांनी.

आमच्या शिकलेल्या कुटुंबांतून खेळाडूच्या पदकाचे कौतुक मोठ्या आवाजात होते. परंतु वेळापत्रकातील खेळाचा तास परीक्षेच्या दिवसांत गणितास दिला जातो तेव्हा पालकांपैकी एकही जण शाळेत जाऊन तक्रार करीत नाही, उलट मुख्याध्यापकांची तारीफच होते. मुलगी आठवीत गेली की तिचे मैदान सुटते. ड्रिलमास्तर सेवानिवृत्त झाले आणि त्यांची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली, तर ती रिकामी आहे हेदेखील घरात कोणास ठाऊक नसते. बीडची मुले गुरूच्या शोधार्थ पुण्यास, पलटणीत आणि कोलोरॅडोपर्यंत गेली. ज्यांस जाता आले ती गेली. गावोगावी एकेक शिक्षक असावा, तो शिकलेला असावा आणि त्यास खुर्ची असावी, ही बक यांची मागणी मोठी खर्चाची नव्हती. चारदोन पदके तिच्यामुळे वाढतील की नाही याविषयी वाद घालता येईल. परंतु ज्यांस पदक कधीच मिळणार नाही अशा वर्गातील उरलेल्या साठ मुलांचे काय, याचा विचार स्टॅग यांच्या शिकागोने केला नाही, बक यांच्या मद्रासने केला.

खो-खोसारख्या खेळास तर परदेशी उंचीची गरज नाही, बुटांचीही नाही. दोन खांब, आखलेली जमीन आणि नियम जाणणारा पंच एवढे पुरते. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्ली येथे या खेळाच्या पहिल्या जागतिक चषकाचा अंतिम सामना झाला. भारताच्या मुलींनी नेपाळच्या संघावर ७८ विरुद्ध ४० गुणांनी विजय मिळविला. संघाची कप्तान प्रियांका इंगळे. घराणे मूळचे बीड जिल्ह्यातले. खेळ शिकली ती पुण्यास.